बर्बन, राय आणि लेबलवरची बारीक अक्षरं

बर्बन म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना आधी आठवतं ते चॉकलेट क्रीमवालं, वरून साखर भुरभुरलेलं बिस्किट. त्या बिस्किटाचा आणि आजच्या विषयाचा संबंध एवढाच, की दोन्ही नावांच्या मुळाशी फ्रान्सचं एकच राजघराणं आहे. आजचा विषय आहे अमेरिकन व्हिस्की. बर्बन आणि तिची थोरली बहीण राय. (राय म्हणजे फोडणीतली मोहरी नव्हे, गव्हाच्या जातकुळीतलं थंड हवेतलं धान्य. आपल्याकडे ते पिकत नाही म्हणून त्याला आपलं असं नाव नाही.)

चवीची वर्णनं, म्हणजे व्हॅनिला, कॅरमेल, जुनं चामडं वगैरे, जालावर ढिगाने मिळतात. ती इथे नाहीत. मला या प्रकरणात रस आहे तो लेबलामुळे. एखाद्या जुन्या सिस्टिमचा कोड वाचताना मधेच एखादी विचित्र अट दिसते. ती का आहे ते कळत नाही, आणि खोदत गेलं की कळतं की पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी काहीतरी घोळ घातला होता, त्यावरची ती मलमपट्टी आहे. अमेरिकन व्हिस्कीच्या लेबलावर 'स्ट्रेट', 'बॉटल्ड इन बाँड', 'डिस्टिल्ड इन इंडियाना' असे जे शब्द असतात, ते अगदी तस्सेच आहेत. प्रत्येक शब्दामागे कोणीतरी कोणालातरी गंडवल्याची कथा आहे. आणि ती माहीत असेल तर दुकानात उभं राहून दोनशे डॉलरची बाटली घ्यायची की तीस डॉलरची, हे ठरवणं बरंच सोपं होतं.

तर सुरुवातीपासून.

सुरुवात रायपासूनच करावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व्हिस्की म्हणजे मुख्यतः पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडची राय. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला धान्य घोड्यावर लादून पूर्वेच्या बाजारात नेणं परवडत नसे. तेच धान्य गाळून व्हिस्की केली की वजन कमी, किंमत जास्त, आणि सडण्याची भीती नाही. रोकड नसलेल्या त्या भागात व्हिस्की हेच चलन होतं. १७९१ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज फेडण्यासाठी व्हिस्कीवर कर बसवला, आणि तोही असा की मोठ्या कारखानदाराला स्वस्त पडावा आणि छोट्या शेतकऱ्याला महाग. पश्चिम पेनसिल्व्हेनियात बंड झालं. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सुमारे १३,००० माणसांची फौज घेऊन स्वतः कूच केलं आणि बंड विरून गेलं.

आता गंमत बघा. याच वॉशिंग्टनसाहेबांनी १७९७ मध्ये निवृत्त झाल्यावर माउंट व्हर्नन इथल्या आपल्या इस्टेटीवर डिस्टिलरी काढली. कल्पना जेम्स अँडरसन नावाच्या त्यांच्या स्कॉटिश व्यवस्थापकाची. १७९९ मध्ये, म्हणजे वॉशिंग्टन वारले त्या वर्षी, तिथे जवळपास ११,००० गॅलन व्हिस्की तयार झाली आणि ती देशातल्या सगळ्यात मोठ्या डिस्टिलऱ्यांपैकी एक होती. कृती नोंदवलेली आहे: ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. भट्टीवर राबणारे हात मात्र मुख्यतः गुलामांचे होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

केंटकीत मका उदंड पिकायचा, म्हणून तिथली व्हिस्की मक्याची. ती पिंपांत भरून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांवरून न्यू ऑर्लिन्सला जायची. बर्बन हे नाव केंटकीतल्या बर्बन काउंटीवरून पडलं की न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवरून, यावर अभ्यासक भांडतात. दोन्ही नावं त्याच राजघराण्याची, त्यामुळे बिस्किटाशी नातं काही तुटत नाही :)

आतून जाळलेल्या पिंपात व्हिस्की मुरवण्याचा शोध इलायजा क्रेग नावाच्या धर्मोपदेशकाने लावला असं बाटल्यांवर छापलेलं असतं. त्याला काहीही पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकात खरा फरक पाडला तो डॉक्टर जेम्स क्रो या स्कॉटिश गृहस्थाने. हा माणूस शास्त्र शिकलेला होता. ऑस्कर पेपरच्या डिस्टिलरीत त्याने तापमानाची, आंबटपणाची मोजमापं घ्यायला आणि नोंदी ठेवायला सुरुवात केली. 'सावर मॅश' पद्धत त्याने शोधली नाही (केंटकीतच कॅथरीन कार्पेंटर या बाईंनी १८१८ मध्ये लिहून ठेवलेली कृती उपलब्ध आहे), पण ती शिस्तीत बसवली त्याने. सावर मॅश म्हणजे आधीच्या खेपेतलं, गाळून झाल्यावर उरलेलं आंबट पाणी पुढच्या खेपेत घालायचं. ऐकायला विरजणासारखं वाटतं, पण उकळून गेलेल्या त्या पाण्यात जिवंत काही नसतं. काम असतं ते आंबटपणाचं. त्यात नको ते जंतू वाढत नाहीत, आणि आजची खेप कालच्यासारखी निघते. आमच्या भाषेत सांगायचं तर क्रोने बिल्ड रिपीटेबल केला.

आता हातांबद्दल. टेनेसीतल्या लिंचबर्गजवळ डॅन कॉल नावाच्या पाद्र्याच्या शेतावर भट्टी होती. ती चालवायचा निअरेस्ट ग्रीन नावाचा गुलाम. त्याने शेतावर कामाला आलेल्या एका पोराला दारू गाळायला शिकवलं. त्या पोराचं नाव जॅक डॅनियल. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, जॅकने स्वतःची डिस्टिलरी काढली आणि ग्रीन त्याचा पहिला मुख्य कारागीर झाला. गावाला हे माहीत होतं, ग्रीनच्या वंशजांना माहीत होतं. कंपनीने मात्र ते जगापुढे मोकळेपणाने मांडलं २०१६ मध्ये. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध व्हिस्की-लेबलांपैकी एकावर दीडशे वर्षं अर्धीच गोष्ट होती. लेबल खोटं बोलत नव्हतं, फक्त गप्प होतं. हा प्रकार पुढे वारंवार दिसतो.

*

यादवी युद्धानंतर व्हिस्कीचा धंदा फोफावला आणि त्याबरोबर भेसळही. त्या काळी डिस्टिलरी पिंपं विकायची आणि ती विकत घ्यायचे 'रेक्टिफायर' नावाचे व्यापारी. यांतले काही प्रामाणिक होते. बरेचसे मात्र बिनचवीचा मद्यार्क घ्यायचे, त्यात थोडी खरी व्हिस्की, जळक्या साखरेचा रंग, प्रून नावाच्या सुक्या फळाचा रस असलं काहीबाही घालायचे आणि 'आठ वर्षं जुनी केंटकी बर्बन' म्हणून विकायचे. गिऱ्हाइकाच्या पोटात काय जातंय याची कसलीच हमी नव्हती. लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउन या औषधं विकणाऱ्या गृहस्थाने १८७० मध्ये 'ओल्ड फॉरेस्टर' फक्त सीलबंद बाटलीतूनच विकायला सुरुवात केली, ती याच कारणाने. डॉक्टर लोकांना खात्रीचा माल हवा होता.

पण एका कंपनीच्या सीलाने बाजार सुधारत नाही. कर्नल ई. एच. टेलर (धाकटे) हे फ्रँकफर्टचे बडे डिस्टिलर आणि राजकारणी. त्यांनी आणि अर्थमंत्री जॉन कार्लाइल यांनी जोर लावल्यामुळे ३ मार्च १८९७ ला 'बॉटल्ड इन बाँड' कायदा झाला. त्यातल्या अटी पाठ कराव्यात इतक्या सुटसुटीत आहेत. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर) गाळलेली हवी. सरकारी देखरेखीखालच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली हवी. बाटलीत बरोबर १०० प्रूफ, म्हणजे ५० टक्के अल्कोहोल हवं. आणि कुठे गाळली ते लेबलावर हवं. गोदामाला कुलपं दोन, एक मालकाचं आणि एक सरकारी माणसाचं. दोघे असल्याशिवाय दार उघडायचं नाही. बाटलीच्या तोंडावर हिरवी सरकारी पट्टी.

थोडक्यात काय, तर चवीची हमी नाही पण उगमाची हमी. तुमचं अन्न आणि औषध शुद्ध असावं असा अमेरिकन कायदा १९०६ चा. व्हिस्की त्याच्या नऊ वर्षं पुढे होती. १९८० च्या दशकात सरकारी माणूस आणि त्याचं कुलूप दोन्ही गेलं, पण अटी आजही तशाच लागू आहेत.

१९०६ च्या कायद्याने नवाच वाद उभा केला. माल शुद्ध हवा, लेबल खरं हवं, हे ठीक. पण मुळात व्हिस्की कशाला म्हणायचं? पिंपवाले म्हणाले, आमचीच काय ती खरी, बाकी सगळी नक्कल. रेक्टिफायर म्हणाले, आमची उलट जास्त शुद्ध. कायद्याचे शिल्पकार हार्वी वायली पिंपवाल्यांच्या बाजूचे. सरकारचे ॲटर्नी जनरल होते चार्ल्स बोनापार्ट. हो, तेच बोनापार्ट, नेपोलियनच्या धाकट्या भावाचे नातू. त्यांनीही १९०७ मध्ये पिंपवाल्यांच्या बाजूने मत दिलं. म्हणजे एका बोनापार्टने बर्बनची बाजू घेतली! इतिहासात असे विनोद फुकट मिळतात.

शेवटी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट स्वतः न्यायाधीशासारखे बसले आणि २७ डिसेंबर १९०९ ला निकाल दिला. धान्यापासून गाळलेलं ते सगळं व्हिस्की, पण काय प्रकारची ते लेबलावर लिहा. पिंपात मुरलेली ती 'स्ट्रेट', मद्यार्क मिसळलेली ती 'ब्लेंडेड'. आणि मळीपासून केलेला मद्यार्क ही व्हिस्की नव्हेच. हे शेवटचं वाक्य आपल्यासाठी रंजक आहे. कारण भारतात व्हिस्की म्हणून खपणाऱ्या स्वस्त मालात बराचसा भाग ऊसाच्या मळीपासून गाळलेल्या मद्यार्काचाच असतो. सांगली-कोल्हापूरकडे साखर कारखान्यांच्या शेजारी डिस्टिलरी का असते, ते वेगळं सांगायला नको. तो माल युरोपात व्हिस्की या नावाने विकता येत नाही. टाफ्टसाहेबांचा प्रश्न आपल्याकडे अजून ओपन आहे म्हणा ना.

*

१७ जानेवारी १९२० ला अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी लागू झाली. पण औषधी व्हिस्की चालू होती. डॉक्टरने चिठ्ठी दिली की दर दहा दिवसांना एक पाइंट. त्यासाठी मोजक्या सहा कंपन्यांना परवाने मिळाले. ज्यांच्याकडे जुनी पिंपं आणि परवाना होता ते टिकले, बाकीच्यांनी भट्ट्या भंगारात काढल्या. पेनसिल्व्हेनियातली 'ओल्ड ओव्हरहोल्ट' ही १८१० पासूनची नामांकित राय. तिच्या भागीदारांत अँड्र्यू मेलन होते, जे १९२१ मध्ये अर्थमंत्री झाले. आणि दारूबंदीची अंमलबजावणी होती अर्थखात्याकडे!

आपल्याला यात हसण्यासारखं फार नाही. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही आहे, आणि प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. 'परमिट रूम' हा मराठी भाषेतला अस्सल शब्द त्यातूनच आला.

५ डिसेंबर १९३३ ला बंदी उठली, पण राय काही उठली नाही. कारणं अनेक. तेरा वर्षांत गिऱ्हाइकाची जीभ बदलली होती, चोरट्या मार्गाने आलेल्या कॅनडाच्या हलक्या व्हिस्कीची सवय झाली होती. राय गाळणं कटकटीचं, आंबवताना ती फेसाळून वर येते. मका स्वस्त आणि गुणी. पूर्वेकडच्या शहरांजवळच्या जमिनींना भट्टीपेक्षा चांगला भाव. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर पिंशो हे कट्टर दारूविरोधी. त्यांनी बाटल्यांची विक्री सरकारी दुकानांकडे दिली आणि तिथे खरेदी होता होईल तेवढी गैरसोयीची राहील असं बघितलं. ती सरकारी दुकानं आजही आहेत. एकेक करत डिस्टिलऱ्या बंद झाल्या. मेरीलँडच्या 'पाइक्सव्हिल'चं तिथलं गाळप १९७२ मध्ये थांबलं. पेनसिल्व्हेनियातली शेफर्सटाउनची 'मिक्टर्स' १९९० मध्ये बंद पडली. ओव्हरहोल्ट, पाइक्सव्हिल, फिलाडेल्फियाची रिटनहाउस ही सगळी नावं केंटकीत स्थलांतरित झाली आणि बर्बनच्या गर्दीत वर्षातले थोडेसे दिवस त्यांच्या वाट्याला येऊ लागले.

*

बर्बनचं काय झालं ते समजायला एक गोष्ट डोक्यात पक्की हवी: लेटन्सी. आज पिंपात ओतलेली व्हिस्की सहा, आठ, बारा वर्षांनी बाटलीत येते. म्हणजे डिस्टिलरी चालवणं म्हणजे दहा वर्षांनंतरच्या लोडचा अंदाज करून आजच सर्व्हर विकत घेणं. यात अंदाज चुकणारच, आणि बर्बनचा इतिहास म्हणजे या चुकलेल्या अंदाजांचा इतिहास आहे.

'शेनली' कंपनीचे लुइस रोझेनस्टील यांनी कोरियन युद्ध लांबेल, गाळपावर बंदी येईल, असं धरून अफाट साठा केला. युद्ध आटोपलं, साठा राहिला. त्या वेळी आठ वर्षांनी पिंपावर कर भरावाच लागे. रोझेनस्टील यांनी खटपट केली आणि १९५८ च्या फोरँड कायद्याने ही मुदत वीस वर्षं झाली. आज 'बारा वर्षं जुनी', 'वीस वर्षं जुनी' बर्बन म्हणून आपण जिच्यावर भाळतो, ती कल्पनाच मुळी एका फसलेल्या अंदाजातून आणि करसवलतीतून आली.

४ मे १९६४ ला काँग्रेसने ठराव केला की बर्बन हे अमेरिकेचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन आहे, बाहेर केलेलं ते बर्बन नव्हे. यामुळे एक गैरसमज पसरलेला आहे की बर्बन फक्त केंटकीतच होते. तसं नाही, अमेरिकेत कुठेही चालते. बाकीच्या अटी अशा: निदान ५१ टक्के मका, नवीन आणि आतून जाळलेलं ओकचं पिंप, गाळताना ८० टक्क्यांच्या वर जायचं नाही, पिंपात भरताना ६२.५ च्या वर नाही, बाटलीत ४० च्या खाली नाही, आणि रंग किंवा स्वाद घालायचा नाही. मक्याच्या जागी राय वाचा, की राय व्हिस्कीची व्याख्या जवळजवळ तयार.

ठराव झाला आणि पाठोपाठ बाजार कोसळला. नवी पिढी व्होडकाकडे वळली. १९७६ मध्ये अमेरिकेत व्होडकाने व्हिस्कीला मागे टाकलं. लुईव्हिलची 'स्टिट्झेल-वेलर' डिस्टिलरी, जिथे 'पॅपी' व्हॅन विंकल रायऐवजी गहू घातलेली मऊ बर्बन करत, ती १९७२ मध्ये विकली गेली आणि १९९२ मध्ये थंडावली. कोणाला नको असलेली पिंपं गोदामांत म्हातारी होत राहिली.

वाचवलं कोणी? बऱ्याच अंशी जपानने. अमेरिकन लोक ज्याला आजोबांची दारू म्हणत होते ते जपानी गिऱ्हाइक कौतुकाने घेत होतं. १९८४ मध्ये एल्मर टी. ली यांनी 'ब्लँटन्स' आणली, एका वेळी एकाच पिंपातून भरलेली. 'फोर रोझेस'ची स्ट्रेट बर्बन तर कित्येक दशकं अमेरिकेत मिळतच नव्हती. घरी हलकी ब्लेंडेड विकायची आणि चांगली बाहेर पाठवायची! २००२ मध्ये जपानच्या 'किरिन'ने डिस्टिलरी घेतली आणि मुख्य कारागीर जिम रटलेज यांच्या आग्रहाने ती मायदेशी परतली. हिच्याबद्दल आम्हा संगणकवाल्यांना विशेष प्रेम असायला हवं. धान्याची दोन मिश्रणं, पाच यीस्ट, दोन गुणिले पाच बरोबर दहा कृती, आणि प्रत्येकीला चार अक्षरी कोड. पहिलं आणि तिसरं अक्षर कायम तेच. दुसरं अक्षर 'बी' असेल तर ३५ टक्के राय, 'ई' असेल तर २०. चौथं यीस्टचं. इतकं स्वच्छ डॉक्युमेंटेशन आमच्याकडेही नसतं.

मग शौकीन लोकांना शोध लागला की मंदीत कोणी न घेतलेली जुनी व्हिस्की दुकानांच्या मागच्या फळ्यांवर धूळ खात पडलीय. यातून 'डस्टी हंटिंग' नावाचा छंद सुरू झाला. गावोगावची जुनी दुकानं धुंडाळायची आणि लेबलावरून वय ओळखायचं. तोंडावर करपट्टी असेल तर १९८५ च्या आधीची. माप मिलिलिटरमध्ये नसेल तर १९८० च्या आधीची. गर्भवती स्त्रियांसाठीचा सरकारी इशारा नसेल तर १९८९ च्या आधीची. पुरातत्त्व खात्यात शोभेल असलं काम. केंटकीने तर २०१८ पासून परवानाधारक दुकानांना खाजगी माणसांकडच्या अशा जुन्या न उघडलेल्या बाटल्या विकत घेऊन विकायची मुभा दिली.

*

२०१० च्या सुमाराला वारं पूर्ण फिरलं. पॅपीच्या नावाची वीस-तेवीस वर्षांची बाटली मिळवायला लोक दुकानांच्या लॉटऱ्यांत नाव घालू लागले. २०१३ मध्ये तर बफेलो ट्रेस डिस्टिलरीतून या बाटल्या खोक्यांनी चोरीला गेल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'मेकर्स मार्क'ने माल पुरत नाही म्हणून अल्कोहोल ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. गिऱ्हाइकांनी एवढा आरडाओरडा केला की आठवडाभरात निर्णय मागे. 'इलायजा क्रेग'वरचा बारा वर्षांचा आकडा २०१६ मध्ये गायब झाला. दहा वर्षांपूर्वी कमी गाळलं होतं, त्याची ही बिलं.

आणि राय? तिला बारटेंडर लोकांनी परत आणलं. जुनी कॉकटेलं जुन्या कृतीने करायची तर मॅनहॅटनला राय हवी. पण पिंपं कुठून आणायची? उत्तर होतं इंडियानातलं लॉरेन्सबर्ग. तिथल्या सीग्रामच्या जुन्या डिस्टिलरीत ९५ टक्के रायची एक कृती होती, मूळची ब्लेंडमध्ये घालण्यासाठी. सीग्राम मोडली, डिस्टिलरी हात बदलत २०११ मध्ये 'एमजीपी' कंपनीकडे आली, आणि तिथली राय डझनांनी नव्या ब्रँडच्या बाटल्यांत शिरली. प्रत्येक ब्रँडच्या मागे एक आजोबा, एक हस्तलिखित कृती आणि एखादा गुंड. आयोवाची 'टेम्पलटन राय' दारूबंदीच्या काळातली कृती आणि अल कपोनचं नाव मिरवत होती. आतली व्हिस्की इंडियानाची. २०१४ मध्ये ग्राहकांनी दावे ठोकले, २०१५ मध्ये तडजोड झाली, आणि लेबलावर 'डिस्टिल्ड इन इंडियाना' आलं.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. इंडियानाची राय उत्तम आहे. दुसऱ्याकडून घेऊन विकण्यात गैरही काही नाही. प्रश्न एवढाच, की १८९७ मध्ये जे लपवलं जात होतं तेच २०१४ मध्ये लपवलं जात होतं: ही कोणी गाळली?

तर दुकानात गेल्यावर काय बघायचं? माझी चेकलिस्ट अशी.

एक, 'स्ट्रेट' शब्द. असेल तर किमान दोन वर्षं नवीन जाळलेल्या पिंपात मुरलेली. चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय लिहिणं बंधनकारक. म्हणजेच स्ट्रेट आहे आणि वय लिहिलेलं नाही, तर ती निदान चार वर्षांची. काय लिहिलं नाही यावरूनही माहिती मिळते ती अशी.

दोन, लिहिलेलं वय हे सर्वात लहान पिंपाचं असतं, सरासरी नव्हे.

तीन, मागच्या बाजूची बारीक अक्षरं. 'डिस्टिल्ड बाय' आणि 'प्रोड्यूस्ड बाय' किंवा 'बॉटल्ड बाय' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पत्ता एका राज्याचा आणि गाळप दुसऱ्या राज्यातलं असेल तर ते राज्य लिहावं लागतं. ते शोधा.

चार, बॉटल्ड इन बाँड असेल तर डिस्टिलरीचा नंबर बघा. केंटकी ११३ म्हणजे बफेलो ट्रेस, २३० म्हणजे जिम बीम, १ म्हणजे हेवन हिल. लेबलावरचं घराणं कोणतंही असो, नंबर खरं सांगतो.

पाच, प्रूफ. अमेरिकन प्रूफ भागिले दोन म्हणजे टक्के. आपल्या बाटल्यांवरचा ४२.८ हा ब्रिटिश पद्धतीच्या ७५ प्रूफचा हिशेब, त्याच्याशी गल्लत नको.

सहा, 'स्मॉल बॅच', 'हँडक्राफ्टेड', 'रिझर्व्ह' या शब्दांना कायद्यात काही अर्थ नाही. डोळे पुढे सरकवावेत.

एवढं केलं की लक्षात येतं, की साध्या फळीवरची पन्नास टक्क्यांची बाँडेड राय किंवा बर्बन, म्हणजे रिटनहाउससारखी, लेबलावर सगळं उघड सांगते आणि किमतीतही परवडते. लॉटरीत मिळणाऱ्या बाटलीत बऱ्याचदा आपण व्हिस्कीचे कमी आणि दुर्मिळतेचे जास्त पैसे देतो.

भारतातल्या वाचकांसाठी: फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणलं. त्यावर राज्याचे कर आहेतच, तेव्हा फार हुरळून जाऊ नये.

आणि चक्र पुन्हा फिरलंय. तेजीत सगळ्यांनी धडाधड पिंपं भरली. केंटकीत आज माणसांपेक्षा पिंपं जास्त आहेत, दुपटीहूनही कितीतरी जास्त. २०२४ पासून मागणी मंदावली. काही नव्या डिस्टिलऱ्या दिवाळखोरीत गेल्या, आणि ब्राउन-फॉर्मनने २०२५ मध्ये लुईव्हिलमधला आपला पिंपांचा कारखाना बंद केला. तिथल्या कामगारांसाठी ही वाईट बातमी आहे, आणि तिच्याकडे केवळ स्वस्ताईची संधी म्हणून बघू नये. पण रोझेनस्टीलच्या गोष्टीवरून अंदाज बांधायचा तर पुढच्या दहा वर्षांत म्हाताऱ्या पिंपांची वाण पडणार नाही. 'नॉब क्रीक'ने २०१६ मध्ये काढलेला नऊ वर्षांचा आकडा २०२० मध्येच परत छापला होता. असे आकडे आणखी लेबलांवर परतले तर नवल नाही.

तेव्हा घाई नको. दुकानात बाटली हातात घ्या, पुढची कथा सोडा, उलटी करा आणि मागचं वाचा. चष्मा लागला तरी चालेल.

असो. आजच्यापुरतं एवढंच. जपून आणि बेताने घ्या, आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या.